लोखंडाच्या बदल्यात मका: फोर्ट मँडनचा हिवाळा, 1804-05

मेरिवेदर लुइस आणि विल्यम क्लार्क यांच्या मोहिमेवर लिहिणारे बहुतेक जण रॉकी पर्वत आणि पॅसिफिक किनाऱ्यावर रेंगाळतात. मधला पाच महिन्यांचा मुक्काम ते दोन परिच्छेदांत उरकतात: थंडी पडली, किल्ला बांधला, दुभाष्याची बायको साकागविया भेटली, बर्फ वितळल्यावर मंडळी पुढे निघाली. माझं लक्ष मात्र त्या मुक्कामातल्या एका साध्या, घरगुती वाटणाऱ्या प्रश्नाकडे जातं. परक्या मुलखात चाळीसहून अधिक माणसांना रोज खायला कुठून आलं, आणि त्याचं मोल कशात चुकवलं?

पार्श्वभूमी

1803 मध्ये अमेरिकेने फ्रान्सकडून लुइझियाना नावाचा अफाट प्रदेश विकत घेतला. त्यात नेमकं काय आहे हे विकणाऱ्यालाही नीट माहीत नव्हतं आणि घेणाऱ्यालाही. राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी पाठवलेली लष्करी तुकडी 14 मे 1804 रोजी सेंट लुइसजवळच्या तळावरून निघाली आणि मिसुरी नदीच्या प्रवाहाविरुद्ध सुमारे 1,600 मैल चढून ऑक्टोबरच्या अखेरीस आजच्या नॉर्थ डकोटात, नाइफ नदीच्या मुखाजवळ पोहोचली.

तिथे ओसाड माळरान नव्हतं. मँडन आणि हिदात्सा या स्थानिक जमातींची, मँडनांची दोन आणि हिदात्सांची तीन, अशी पाच गावं जवळजवळ वसलेली होती आणि त्यांत मिळून साडेचार हजारांच्या आसपास माणसं राहत होती. त्या काळच्या सेंट लुइसपेक्षा ही वस्ती मोठी होती. लाकडी सांगाड्यावर माती चढवलेली मोठी गोल घरं, नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत मका, घेवडा, भोपळा आणि सूर्यफुलाची शेती, जमिनीत खणलेली धान्याची पेवं. उन्हाळा संपता संपता इथे बाजार भरायचा. पश्चिमेकडून घोडे आणि कातडी यायची, उत्तरेकडून असिनिबॉईन लोक आणि कॅनडातले व्यापारी बंदुका आणि लोखंडी सामान आणायचे. मँडन हे मध्यस्थ व्यापारी होते आणि त्यांचं मुख्य चलन होतं मका.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. 1781 च्या सुमारास देवीच्या साथीने मँडनांची गावंच्या गावं रिकामी केली होती. उरलेले लोक दक्षिणेकडची जुनी वस्ती सोडून हिदात्सांच्या शेजारी येऊन राहिले होते. बंदुका आणि मित्र, दोन्हींची त्यांना निकड होती.

मोहिमेने नदीच्या पूर्व काठावर, मँडनांच्या खालच्या गावासमोर थोडं खाली, कॉटनवूड झाडाच्या ओंडक्यांचा त्रिकोणी किल्ला, म्हणजेच फोर्ट मँडन, बांधायला घेतला. काम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू झालं, 20 तारखेला मंडळी आत राहायला गेली आणि भोवतालचं कुंपण पूर्ण व्हायला नाताळ उजाडला. खालच्या गावाचा प्रमुख शेहेके याने 1 नोव्हेंबरलाच सांगून ठेवलं होतं: आम्ही जेवलो तर तुम्हीही जेवाल, आम्ही उपाशी राहिलो तर तुम्हालाही उपाशी राहावं लागेल. याला नुसतं आतिथ्य समजू नये. शेहेकेने त्यात हिशेबही सांगून टाकला होता.

अडचण कुठे होती

सुरुवातीला मांस भरपूर होतं. 12 नोव्हेंबरला शेहेके भेटीला आला तेव्हा त्याच्या बायकोच्या पाठीवर सुमारे शंभर पौंड मांस होतं. बदल्यात तिला छोट्या भेटवस्तू आणि एक कुऱ्हाड मिळाली. डिसेंबरात नदी गोठली, बायसनचे कळप जवळ आले आणि शिकारही झाली. पण 7 डिसेंबरच्या शिकारीतली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. लुइसच्या माणसांनी त्या दिवशी बरेच बायसन मारले आणि किल्ल्यात त्यातले थोडेच पोहोचले. बाकीचे गावकऱ्यांनी नेले. क्लार्कने कारण लिहून ठेवलं आहे: मेलेल्या जनावरात बाण रुतलेला नसेल किंवा दुसरी ओळखीची खूण नसेल, तर ते ज्याला दिसेल त्याचं, अशी तिथली रीत होती. बाण कोणाचा हे पाहताक्षणी कळतं, बंदुकीच्या गोळीवर कोणाचं नाव नसतं. पाहुण्यांकडचं शस्त्र भारी असलं, तरी तिथल्या कायद्यात त्याची नोंदच नव्हती.

17 डिसेंबरला पारा उणे 45 फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे उणे 43 सेल्सियसच्या आसपास उतरला. पुढे कळप दूर गेले आणि जी जनावरं मिळाली ती हाडकुळी. नुसत्या चरबीहीन मांसावर माणूस थंडीत टिकत नाही. मका हवाच होता. जवळचं पीठ आणि खारवलेलं डुकराचं मांस पुढच्या वर्षीसाठी राखायचं होतं. मणी, आरसे, कापड, पदकं हा भेटींचा साठाही जपून वापरायचा होता, कारण डोंगर ओलांडायला तिथल्या शोशोनी जमातीकडून घोडे घ्यावे लागणार होते.

थोडक्यात, शेजाऱ्याकडे धान्य आहे, आपल्याला ते हवं आहे, आणि देण्यासारखं आपल्याजवळ जे आहे ते द्यायचं नाही. त्यात भर म्हणजे शेजाऱ्यांना हे दिसत होतं. एवढी मोठी नाव भरून आणली आणि हात इतका आखडता का, असं एका हिदात्सा प्रमुखाचं म्हणणं कॅनडाच्या नॉर्थ वेस्ट कंपनीचा व्यापारी चार्ल्स मॅकेन्झी याने नोंदवलं आहे. दारूगोळा हवेत उडवतील, पण गरीब मँडनाला एक बार द्यायचे नाहीत, अशी ती तक्रार होती.

समोर कोणते पर्याय होते

फक्त शिकारीवर राहणं हा एक. राखीव मालातून मका विकत घेणं हा दुसरा. यात पुढचा प्रवास धोक्यात येत होता आणि शिवाय कॅनडाचे व्यापारी तोच माल अधिक सढळपणे देत होते. व्यापाऱ्यांकडून उसनवारी हा तिसरा पर्याय राजकीय दृष्ट्या नकोसा होता. हा मुलूख आता आमचा, तुम्ही इथे झेंडे आणि पदकं वाटायची नाहीत, असं त्यांच्यातल्या फ्रान्स्वा-आंत्वान लारोकला लुइसनेच बजावलं होतं. बळजबरी अशक्यच होती. पाच गावांसमोर चाळीस-पंचेचाळीस माणसं काय करणार?

उरला तो पर्याय कोणी आखून ठेवलेला दिसत नाही: आपल्या माणसांच्या हातातलं कसब विकायचं.

30 नोव्हेंबर: न मागितलेली मदत

मक्याकडे वळण्याआधी हा प्रसंग सांगायलाच हवा, कारण पाहुणे आणि यजमान एकमेकांना किती कमी ओळखत होते ते यात दिसतं. त्या सकाळी बातमी आली की सू आणि अरिकारा या जमातींच्या टोळीने मँडन शिकाऱ्यांवर हल्ला केला. एक जण ठार, दोन जखमी आणि नऊ घोडे गेले. क्लार्क तेवीस माणसं घेऊन नदीपार गावात गेला आणि म्हणाला, चला, पाठलाग करू.

गावात आधी घबराट उडाली. सशस्त्र गोरे न सांगता इतक्या संख्येने का आले, हे कोणाला कळेना. मग एका प्रमुखाने शांतपणे समजावलं: बर्फ खोल आहे, थंडी आहे, घोडे माळावरून चालायचे नाहीत, ज्यांनी रक्त सांडलं ते निघून गेले. वसंतात या, मग बघू. आणि जाता जाता हेही सुनावलं की अरिकारा भरवशाचे नाहीत हे आम्हाला माहीत होतं, तुम्ही सांगितलंत म्हणून आम्ही त्यांच्याशी समेट केला.

हा टोला वर्मी लागणारा होता. येतानाच लुइस आणि क्लार्क यांनी एका अरिकारा प्रमुखाला सोबत आणून मँडनांशी तह जुळवला होता. तो महिनाभरही टिकला नाही. तरीही क्लार्कने जायला नको होतं असं मी म्हणणार नाही. गेला नसता तर 'हे फक्त खायला आलेत' हा समज पक्का झाला असता. पण आधी निरोप पाठवून विचारायला हवं होतं. कधी लढायचं हे हवामान आणि घोडे ठरवतात, हे तिथल्या पोरालाही ठाऊक होतं.

भाता सुरू झाला

जॉन शील्ड्स आणि अलेक्झांडर विलर्ड हे तुकडीतले लोहारकाम जाणणारे. नाताळनंतर किल्ल्यात भाता लागला आणि 27 डिसेंबरला तो बघायला आलेले गावकरी थक्क झाल्याची नोंद क्लार्कने केली आहे. लोखंडी वस्तू या लोकांना नव्या नव्हत्या. पण तुटलेली कुऱ्हाड दुरुस्त करून देणारं त्या टापूत कोणी नव्हतं. व्यापारी नवी वस्तू विकायचा आणि निघून जायचा.

मग रांग लागली. बायका मक्याची ओझी घेऊन येऊ लागल्या, सोबत मोडकी कुदळ, बोथट कुऱ्हाड, कधी किटली. धान्य घालायचं आणि काम करून न्यायचं. आपल्याकडे लोहाराला बलुतं मिळायचं ते वर्षाकाठी खळ्यावर, इथे रोख व्यवहार, एवढाच काय तो फरक.

जानेवारीच्या अखेरीस दोन गोष्टी एकदम संपल्या: कोळसा आणि दुरुस्तीचं काम. लाकूड जाळून कोळशाची भट्टी लावावी लागली. कामाचं मात्र अवघड होतं, कारण गावातली मोडकी हत्यारं एकदा दुरुस्त झाली की गिऱ्हाईक आटणारच. आता मागणी होती ती एकाच गोष्टीची, युद्धकुऱ्हाडीची.

तिचा घाट ठरलेला होता आणि गिऱ्हाईक त्यात तडजोड करायला तयार नव्हतं. पातळ पातं सात ते नऊ इंच लांब, धारेकडे पावणेपाच ते सहा इंच रुंद आणि दांड्याकडे निमुळतं होत इंचभर उरणारं. दांडा चौदा इंचांहून क्वचितच मोठा. सगळं मिळून वजन पौंडभर. लुइसला हे हत्यार अजिबात पटलं नाही. पातं इतकं लांब आणि दांडा इतका आखूड की वार चुकण्याचीच शक्यता जास्त, आणि लागला तरी जोर कमी, तेही घोड्यावरून वापरायचं, असं त्याने सविस्तर लिहिलं. पण पाती तशीच घडवली गेली. गिऱ्हाईकाला काय हवं ते गिऱ्हाईकच ठरवतं.

नावेतली पत्र्याची एक शेगडी वर येतानाच्या प्रवासात जळून निकामी झाली होती. याच सुमारास तिचे चार-चार इंचांचे चौकोनी तुकडे पाडले. बाणांची टोकं आणि कातडं खरवडायची पाती करायला लोकांनी ते घेतले आणि एकेका तुकड्याला सात ते आठ गॅलन मका मोजला. म्हणजे तळहाताएवढ्या पत्र्याला पोतंभर धान्य! 6 फेब्रुवारीला लुइसने मोकळेपणाने कबूल केलं की लोहारांखेरीज मका मिळवायचा दुसरा मार्ग त्यांना सुचला नसता.

निर्णयाचा खरा पेच

ऑक्टोबरपासून लुइस आणि क्लार्क प्रत्येक बैठकीत एकच सांगत होते: आपसातली युद्धं थांबवा. आणि फेब्रुवारीत त्यांच्याच अंगणात रोज युद्धाची हत्यारं घडत होती. 16 जानेवारीला एका तरुण हिदात्सा योद्ध्याने वसंतात शोशोनींवर स्वारी करायचा बेत सांगितला. क्लार्कने त्याला परावृत्त केलं, त्यानेही मान डोलावली. शोशोनी म्हणजे ज्यांच्या घोड्यांवर मोहिमेचा पुढचा टप्पा अवलंबून होता तेच लोक, आणि दुभाष्याची बायको साकागविया हिला हिदात्सांनी काही वर्षांपूर्वी ज्यांच्यातून पळवून आणलं होतं तेही तेच.

लुइसने कुऱ्हाडीच्या आकारावर लिहिलं, तिच्या उपयोगावर अवाक्षर नाही. मला यात ढोंग कमी आणि भूक जास्त दिसते. 4 फेब्रुवारीला क्लार्क मोठी शिकारी टोळी घेऊन बाहेर पडला, कारण किल्ल्यातलं मांस संपत आलं होतं. चाळीस हरणं मिळाली, पण बरीचशी इतकी रोडावलेली की खाण्याजोगी नव्हती. उरलेलं मांस आणायला 14 तारखेला चौघांना घसरगाड्या देऊन पाठवलं, तर शंभरावर सूंनी त्यांना वाटेत गाठून दोन घोडे काढून घेतले. दुसऱ्या दिवशी लुइस चोवीस जणांना घेऊन मागावर गेला. हल्लेखोर सापडले नाहीत, पण वाटेत शिकार करून तो सुमारे 3,000 पौंड मांस घेऊन परतला. अशा आठवड्यात कुऱ्हाडी घडवू नका असं लोहाराला कोण सांगणार?

त्याच महिन्यात शिस्तीचा एक लहानसा प्रसंगही घडला. थॉमस हॉवर्ड हा शिपाई रात्री उशिरा गावातून आला आणि दार उघडायला न सांगता कुंपणावरून चढून आत आला. मागे येणाऱ्या एका गावकऱ्यानेही तेच केलं. लुइसने त्या माणसाला समज दिली, थोडा तंबाखू देऊन घरी पाठवलं आणि हॉवर्डला लष्करी न्यायालयासमोर उभं केलं. पन्नास फटक्यांची शिक्षा झाली आणि माफही झाली. कुंपण चढता येतं हे शेजाऱ्याला दाखवण्याचा गुन्हा गंभीर होता. पण मका ज्यांच्याकडून येतो त्यांना दोष द्यायचा नाही आणि आपला माणूसही दुखवायचा नाही, हा तोल इथे नेमका साधला.

हिदात्सांचं काय झालं

हा भाग मात्र फसला. किल्ला खालच्या मँडन गावाजवळ, हिदात्सा वरच्या अंगाला. गोरे सूंना मिळून हिवाळ्यात आपल्यावर चालून येणार, अशी आवई त्यांच्यात पसरली होती आणि ती पसरवणारे मँडनच होते. व्यापार आपल्या हातातून जाऊ नये, हा त्यामागचा रोकडा हेतू. मजबूत कुंपण आणि दुभाष्यांनी बायकामुलांसह किल्ल्यात हलवलेला मुक्काम यांमुळे अफवेला बळच मिळालं. नोव्हेंबरच्या अखेरीस लुइस खुलासा करायला त्यांच्या गावांत गेला, तर एका प्रमुखाने तो घरी नसल्याचा निरोप पाठवला.

त्यांचा बडा प्रमुख ल बोर्न्य, म्हणजे एकाक्ष, याचं मतही मॅकेन्झीनेच टिपलं आहे: या गोऱ्यांत शहाणे दोघेच, एक लोखंड घडवणारा आणि दुसरा बंदुका दुरुस्त करणारा. दोन्ही कप्तान त्यात बसत नाहीत.

परिणाम

कोणी उपाशी मेलं नाही. हिमदंश झाले, पण तुकडीतला एकही माणूस त्या हिवाळ्यात दगावला नाही. बर्फात अडकलेल्या नावा फेब्रुवारीच्या अखेरीस कुऱ्हाडी आणि टोकदार लोखंडी गजांनी फोडून काढल्या. तापलेल्या दगडांनी पाणी गरम करून बर्फ वितळवायचा प्रयोग आधी झाला होता, पण दगडच तडकून फुटले. 11 फेब्रुवारीला साकागवियाला मुलगा झाला. 7 एप्रिल 1805 रोजी मोठी नाव नमुने, कातडी, मँडन मक्याचं कणीस आणि जिवंत मॅगपाय पक्षी घेऊन सेंट लुइसकडे निघाली आणि बाकीचे तेहेतीस जण सहा होड्या आणि दोन मोठ्या नावांतून पश्चिमेकडे गेले.

पोटाचा प्रश्न सुटला, तहाचा नाही. ऑगस्ट 1806 मध्ये परत आल्यावर कळलं की हिदात्सांनी दिलेला शब्द मोडून शोशोनींवर स्वारी केली होती. शेहेके त्यांच्यासोबत वॉशिंग्टनला जायला तयार झाला, पण 1807 मध्ये त्याला परत पोहोचवणाऱ्या तुकडीला अरिकारांनी वाटेतून हाकललं आणि तो घरी पोहोचला 1809 मध्ये. किल्लाही 1806 पर्यंत बहुतेक जळून गेला होता.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं, सामानाची यादी. मोहिमेने मँडनांना धान्य दळायचं एक लोखंडी जातं मोठ्या कौतुकाने भेट दिलं होतं. 1806 च्या उन्हाळ्यात व्यापारी अलेक्झांडर हेन्री तिथे गेला तेव्हा जात्याचे तुकडे झालेले होते. त्यातून बाणांची टोकं निघाली होती आणि सगळ्यात मोठा तुकडा दांड्याला बांधून हाडं कुटायला वापरला जात होता. हेन्रीने त्यांना मूर्ख ठरवलं. मला त्यात मूर्खपणा दिसत नाही. मका कांडायला त्यांच्याकडे उखळ-मुसळ होतं, कमतरता लोखंडाची होती. देणाऱ्याने जातं दिलं, घेणाऱ्याने लोखंड घेतलं. पदकांऐवजी चार गज आणि पत्रे जास्त आणले असते, तर फेब्रुवारीत शेगडी कापायची वेळ आली नसती. कुदळीची पाती विकता आली असती, आणि कुऱ्हाडीचा प्रश्न निदान पुढे ढकलता आला असता.

दुसरं, बोलणी कोणाशी केली. बैठका पुरुषांशी झाल्या, झेंडे आणि कोट प्रमुखांना मिळाले. मँडन आणि हिदात्सांत शेत, पीक आणि पेव बायकांचं. मका त्यांच्या पाठीवरून किल्ल्यात येत होता. डिसेंबरात एका बाईने पाठीवर गळू झालेलं मूल आणलं आणि औषधाच्या बदल्यात उचलता येईल तेवढा मका देऊ केला. लुइसने उपचार केले. हा धागा पकडून कुदळी, सुया आणि औषध यांचा रीतसर व्यवहार सप्टेंबरच्या सुगीपासून नाही तरी नोव्हेंबरपासून ठरवता आला असता, तेव्हा पेवं भरलेली होती आणि भाव उतरलेले.

तिसरं, भाता एक महिना आधी. लोहार नोव्हेंबरात किल्ल्याच्या बांधकामात गुंतले होते हे खरं, पण एका लोहाराला भट्टीसह हिदात्सांच्या मधल्या गावात महिनाभर बसवलं असतं तर अफवेला उत्तर द्यायला लुइसला जावं लागलं नसतं. ल बोर्न्यला ज्या दोन माणसांची किंमत कळली होती, त्यातला एक त्याच्या दारात असता. धोका होता, माणूस ओलीस राहण्याचाही होता. कॅनडाचे व्यापारी त्याच गावांत एकेकटे राहून हिवाळे काढत होते, म्हणजे तो पत्करण्याजोगा होता.

युद्धकुऱ्हाडींबाबत मात्र मला फेब्रुवारीत दुसरा रस्ता दिसत नाही. तो निर्णय सेंट लुइसला, सामान नावेत चढवतानाच होऊन गेला होता.